कोरं बटण

वाळूजला, पत्र्याच्या शेडमध्ये,
सहा वर्षं मी एका गाडीचं नसणं बनवत होते.

म्हणजे असं, की गाडी एकच.
तेच आखूड नाक, तोच बसका मागचा भाग,
दोन्ही दारांवरून गेलेली तीच एक चुणी.
साहेब तिला कॅरेक्टर लाइन म्हणायचे.
पण एकाच गाडीचे चार भाव.
सगळ्यात वरच्या मॉडेलला स्टिअरिंगच्या उजव्या हाताला चार बटणं,
धुक्याचा दिवा, आरसा, हेडलाइटची मान वर-खाली,
चौथं कशाचं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.
त्याच्या खालच्याला तीन. मग दोन.
आणि सगळ्यात स्वस्त गाडीला
नुसती चार भोकं.

डॅशबोर्ड सगळ्यांचा एकाच साच्यातून निघतो.
भोकं झाकायला झाकण लागतं.
ते झाकण माझं.

काळा दाणा हॉपरमधून उतरायचा,
अडतीस सेकंदांनी मशीनचं दार उघडायचं,
एका दमात आठ नग, गरम,
वास जळक्या कंगव्यासारखा.
मी पात्यानं कड तासायचे, ट्यूबलाइटखाली धरायचे.
वर चित्र नाही, अक्षर नाही, ओरखडा तर नाहीच.
कुलथे साहेब सांगायचे,
"गिऱ्हाइकाचं लक्ष गेलं की माल रिजेक्ट."
कुणाचं लक्ष जाणार नाही असं काम
आठ तास लक्ष देऊन.

रुक्सानाचा हिशोब वेगळा.
"दिवाळीत लोक वरचं मॉडेल उचलतात,
म्हणून आपला ओव्हरटाइम बंद," डबा उघडता उघडता ती म्हणायची.
"लोकांनी गरीब ऱ्हावं असं नाई म्हणत मी.
पर थोडे तरी ऱ्हावं की."
ठेच्यानं डोळ्यांत पाणी, तेवढ्यात भोंगा.

पुढं गाडीची पिढी बदलली.
नाक उंच झालं, दिवे डोळे बारीक केल्यासारखे,
बुडाखाली चार बोटं जास्त जागा, छत दुरंगी,
आणि बटणांच्या जागी पाटीएवढी काच.
काचेत जे नाही ते दिसतच नाही,
त्याला झाकायचं काय?
साचा ग्रीस चोपडून शेडमागं ठेवला.
रुक्सानाला नव्या गाडीच्या हँडलवर घेतलं.
मी गेवराईला आले.

यंदा आश्रोबा भावजींनी गाडी आणली.
मागच्या पिढीतली, चौथ्या हातची, पांढरी,
सगळ्यात खालचं मॉडेल.
"कामून वहिनी, ही कोरी बटनं कशाची असतेत?"
"कशाचीच नाहीत," मी म्हणाले.

शकीलच्या गॅरेजात त्यांनी धुक्याचे दिवे बसवायला घेतले.
गेवराईत धुकं ते किती, पण हौस.
शकीलनं पेचकसाच्या टोकानं एक झाकण उचकटलं
आणि माझ्याकडं फेकलं, जसं शेंगेचं टरफल.

मी ते उलटं केलं.
पाठीवर आकडा तीन.
आठांतला तिसरा खोबणा, ज्याची कड कायम जाड यायची,
इथं ती अशी तासलेली की बोट घसरावं.
भावजींना हाक मारणारच होते, अहो, हे माझ्या हातचं.

मग शेजारची बारीक चकती दिसली,
तिच्यातला बाण सातव्या महिन्यावर.
आणि वर्ष ते,
ज्या वर्षी जून-जुलै मी काविळीनं अंथरुणात होते,
उसाच्या रसावर.

म्हणजे रुक्सानाचं.

भर दुपारी दोन दिवे पिवळे पेटले.
भावजी गाडीला फेरी मारून मारून बघत होते.
मी फोन लावला, रिंग वाजत राहिली.
दुसरी पाळी असेल, मोबाइल लॉकरात.
झाकण मी पर्सच्या चेनच्या कप्प्यात टाकलं.
बाकीची तीन अजून तिथंच आहेत डॅशबोर्डवर, तोंड करून.
त्यांच्या पाठीवर काय आहे
ते मी विचारलं नाही.